ऑफिसचे कपडे

"आओ मॅडम, पापलेट ताजा है. देखके तो जाओ."

ही हाक लतिकाला तिच्या स्वतःच्या आईनं मारली. लालबागच्या मासळी बाजाराबाहेर, फुटपाथच्या कडेला, जिथं सोनूबाई गेली कित्येक वर्षं फळी टाकून बसत होती तिथूनच. लतिकाच्या एका बाजूला तिचा साहेब हेरंब चालत होता, दुसऱ्या बाजूला दिल्लीहून आलेला एक पाहुणा. पुढं रस्ता खणलेला होता म्हणून गाडी मागे सोडून तिघं एका गोदामाकडे पायी निघाली होती; गोदामात भिजलेल्या मालाच्या विम्याचं काम होतं. लतिकाच्या अंगावर राखाडी पॅन्ट होती आणि बारीक निळ्या रेघांचा पांढरा शर्ट. या कपड्यांत आईनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं, कारण लतिकानं ते पाहू दिलं नव्हतं. तिनं वळून बघितलं तेव्हा आईची नजर तिच्यावरच होती, उन्हानं बारीक झालेली, आणि त्या नजरेत गिऱ्हाइकाला लागतं तेवढंच हसू होतं. लतिकाचा उजवा पाय थांबला. डावा थांबला नाही. "घ्यायचं का मॅडम पापलेट?" हेरंब चेष्टेनं म्हणाला, आणि पाहुण्यानं रुमाल नाकाला लावला. लतिका हसली. हसू आपलं आपणच आलं, आणि ते तोंडावरून जाईपर्यंत बाजार मागे पडला होता.

गोदामात ओल्या पुठ्ठ्याचा वास भरून राहिला होता. पाहुण्याला ती गठ्ठे उघडून दाखवत होती, पाणी कुठून आलं असेल ते सांगत होती, आणि आपला आवाज व्यवस्थित चालला आहे याचं तिला नवल वाटत होतं. आतून ती एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. आईनं ओळखलं की नाही? नसेलच ओळखलं. तिची नजर हल्ली अधू झालीय, सुईत दोरा ओवायला ती लतिकालाच बोलावते. पण मासळीवाल्या बाईची नजर लांबचं पकडते. रस्त्यापलीकडून येणाऱ्या बाईच्या पिशवीकडे बघून ही घेणार की नुसता भाव करणार, ते ती सांगते. आणि आपली मुलगी कळणार नाही? मग कळूनही ती मॅडम म्हणाली असेल, तर ते काय होतं? राग? टोमणा? आईला टोमणे मारता येत नाहीत, ती सरळ ओरडते. हिंदीत ओरडत मात्र नाही. हिंदी तिची धंद्याची भाषा. घरात तिनं आजवर हिंदी शब्द उच्चारला नव्हता, आणि आज पहिल्यांदा लतिकाशी ती हिंदीत बोलली होती.

हे कपडे आले त्याला फार काळ झाला नव्हता. लतिकाचं ऑफिस आधी फोर्टात होतं, एका जुन्या दगडी इमारतीत. तिथं बायका साड्या नेसून येत, तरुण मुली पंजाबी ड्रेस घालत, कुणी कुणाला काही विचारत नसे. मग कंपनीनं लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत जागा घेतली. वरळीच्या बीडीडी चाळीतून ते पायी जाण्याजोगं, म्हणून लतिकाला आनंदच झाला होता. तिचे वडील ज्या गिरणीत कामाला होते ती ही नव्हती. त्यांची जरा पुढची, तिथं अजून नुसती भिंत आणि गवत. तरीही पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरताना तिचे खांदे आपसूक आखडले, आता कुणीतरी हटकेल म्हणून. हटकलं कुणीच नाही. वॉचमननं सलाम केला. त्यानं जास्त अस्वस्थ वाटलं.

काही आठवड्यांनी मृणालिनीनं तिला केबिनमध्ये बोलावलं. मृणालिनी दादरची, हिंदू कॉलनीतली, माणसांच्या नेमणुका, रजा, बढत्या हे सगळं तिच्याकडे. वयानं लतिकाएवढीच, जेमतेम तिशी ओलांडलेली. तिनं आधी बातमी दिली: लतिकाला आता आतल्या टेबलावरून काढून पाहुण्यांसमोर बसवायचं ठरलंय, पाहणीला जायचं, बोलणी करायची. आणि मग, टेबलावरची पेन्सिल फिरवत म्हणाली, "एक आहे फक्त. कपडे. वरून सांगितलंय, बाहेरच्या लोकांना भेटणाऱ्यांनी बिझनेस कॅज्युअल घालायचं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पॅन्ट, कॉलरचा शर्ट. ओढणी नको, गजरा नको. फार कडकही दिसायला नको आणि घरगुतीही नको."

"साडी नेसले तर?"

मृणालिनीनं पेन्सिल खाली ठेवली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "साडीला वाईट कोण म्हणतंय गं? पण साडी नेसलीस की त्या लोकांना तू कुणाची तरी ताई वाटतेस. ते तुझ्याशी आदरानं बोलतात आणि पैशांचं बोलायला हेरंबकडे वळतात. मी बघितलंय ते. मलाही हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, लतिका. मीही शिकलेच."

कॅज्युअल हा शब्द लतिकाला लहानपणापासून ठाऊक होता. तिचे वडील जगन, ज्यांना ती दादा म्हणे, गिरणीत लागले ते कॅज्युअल म्हणूनच, म्हणजे बदलीवर. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे, सगळे आले तर घरी परत. दादा तो शब्द कॅजल असा म्हणत, आणि म्हणताना त्यांचा चेहरा अजूनही पडत असे. केबिनमधून बाहेर येताना लतिकाला उगाचच वाटलं, आपण कुणाच्या तरी जागी आत जाणार आहोत.

दादरच्या दुकानात मुलीनं विचारलं, "कंबर किती?" लतिकाला सांगता येईना. परकराच्या नाडीनं, सलवारच्या नाडीनं तिला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. मुलीनं टेप लावून मोजली आणि राखाडी पॅन्ट आणि पांढरा शर्ट हातात दिला. पडद्यामागे, अरुंद आरशासमोर, लतिकानं दोन्ही चढवलं आणि पहिल्यांदा आपले पाय बघितले. म्हणजे दोन वेगवेगळे पाय. इतकी वर्षं ती निऱ्यांच्या नाहीतर सलवारच्या घोळामागून चालत आली होती. आता आरशात मांड्या होत्या, गुडघे होते, पोट होतं, आणि शर्टाच्या कॉलरमधून निघालेली मान एखाद्या अनोळखी बाईची असावी तशी ताठ. तिला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या पाठोपाठ, तिला खाली ढकलून, दुसरंच काहीतरी वर आलं, ज्याला तिनं नाव दिलं नाही. ती पडद्यामागे जागच्या जागीच चार पावलं चालली. बाहेरून मुलीनं विचारलं, "होतंय ना मॅडम?" होत होतं. तेच तर.

तेव्हापासून रोज दोन लतिका निघत. एक घरून पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणीला नीट पिन लावलेली. दुसरी ऑफिसच्या बाथरूममधून बाहेर येई, बांगड्या काढून पर्समध्ये टाकलेल्या. संध्याकाळी पुन्हा उलट. पॅन्ट आणि शर्ट टेबलाच्या खणात घडी घालून ठेवलेले, धुवायला शनिवारी लाँड्रीत. का लपवते, हे तिनं स्वतःला विचारलं नाही असं नाही. चाळीतल्या पोरी जीन्स घालून जिन्यात उभ्या असत, काळ तो राहिलाच नव्हता. आईनं नको म्हटलं असतं असंही नाही. पण घरात कपड्यांवरून एकदा जे झालं होतं, ते तिच्या अंगात कुठंतरी बसून होतं, आणि बाथरूमच्या कडीचा आवाज झाला की ते हलत असे.

गिरण्यांच्या संपाचं वर्ष होतं. लतिका तेव्हा पाचवीत. दादा आणि आई दोघंही वरळी कोळीवाड्यातली. दोघांच्याही घरी होड्या. पण जगननं होडी सोडून गिरणी धरली, चाळीत खोली घेतली, आणि लग्नानंतर बायकोला सांगितलं की आता लुगडं बंद. गिरणीतल्या माणसाची बायको गोल पातळ नेसते. चाळीतल्या इतर बायका तशाच नेसत, घाटावरच्या, कोकणातल्या. सोनूबाई नेसली. लतिकाच्या आठवणीतली सुरुवातीची आई अशीच होती, फुलाफुलांच्या पातळात, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन पॅसेजमधून हळू चालणारी, जणू पायांत काही अडकलंय. मग संप झाला. आधी सगळे म्हणत होते, महिनाभरात मिटेल. दादा रोज सभेला जात, घोषणा देऊन घसा बसवून येत. मग सभाही कमी झाल्या. पितळेची भांडी गेली, आईच्या कानांतलं गेलं. आणि एका पहाटे लतिकाला जाग आली तेव्हा आई ट्रंकेसमोर उभी होती. तिनं तळातून हिरवं लुगडं काढलं होतं आणि ती कासोटा घालत होती, गुडघ्यापर्यंत, घट्ट. तिच्या उघड्या पोटऱ्या लतिकानं पहिल्यांदाच पाहिल्या. केवढ्या भरीव होत्या त्या. दादा भिंतीला टेकून जागे होते.

"अशी जाणार?" दादा म्हणाले.

"पातळ नेसून टोपली उचलता येत नाय."

"लोक काय म्हणतील? जगनची बायको..."

"लोकांना मासळी पायजे," आई म्हणाली, आणि टोपली घेऊन भाऊच्या धक्क्याला निघून गेली. दादांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर किती तरी दिवस ते आईशी बोलले नाहीत. ताट पुढं आलं की जेवत, पण तिच्याकडे बघत नसत, तिच्या पायांकडे तर नाहीच. लतिका दोघांच्या मध्ये बसून भात कालवे आणि घास गिळताना होणारा आवाजही कमी करायचा प्रयत्न करी. पुढं गिरणी उघडली ती थोड्यांसाठी, त्यांत दादा नव्हते. ते कुठंकुठं वॉचमन राहिले, मग दम लागायला लागला तशी घरी बसले. बोलणं हळूहळू सुरू झालं, पण त्यातलं काहीतरी परत आलंच नाही. आई मात्र लुगड्यातच राहिली. तिच्या फळीवर लतिकाचं कॉलेज झालं, टायपिंग झालं, फोर्टातली नोकरी लागेपर्यंत सगळं झालं.

गोदामातून परतताना हेरंब दुसऱ्या रस्त्यानं निघाला, त्यामुळं बाजार लागला नाही. लतिकाला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटकेचीच चीड आली. पाहुणा तिला सांगत होता की तिचं काम त्याला आवडलं, पुढच्या वेळी तिच्याशीच थेट बोलेन. म्हणजे मृणालिनी खरं बोलली होती. तो पैशांचंही लतिकाशीच बोलला होता. ती मान डोलावत होती, आणि तिच्या डोक्यात हिंदीतली ती हाक पुन्हा पुन्हा वाजत होती, कधी तिखट, कधी थट्टेची, कधी अगदीच साधी, दिवसभरात शंभर बायकांना मारावी तशी. ही शेवटची सगळ्यांत वाईट. आपण शंभरांतल्या एक होऊन गेलो, इतकं सोपं होतं ते. एक पॅन्ट पुरली.

संध्याकाळी ऑफिसच्या बाथरूममध्ये ती बराच वेळ कपडे न बदलता उभी राहिली. मग बदलले. पण आज खणात ठेवायला गेलेला हात मागे आला, आणि पॅन्ट-शर्ट तिनं कागदी पिशवीत घातले. का, ते तिला सांगता आलं नसतं. चाळीकडे चालताना सलवारचा घोळ पायांत येत होता. रोज येतच असणार, आज जाणवत होता.

सोनूबाई मोरीशी बसून घरासाठी ठेवलेले बोंबील साफ करत होती. दादा खाली मैदानात पत्ते बघायला गेले होते. लतिकानं चपला काढल्या, पाणी प्यायली, पिशवी खुर्चीवर ठेवली. आईनं मान वर केली नाही.

"तो पाहुणा कुठला गो?"

लतिकाच्या हातातला पेला तसाच राहिला. "कोण?"

"तो टाय लावलेला. रुमाल लावला नाकाला त्यानं."

"दिल्लीचा." मग श्वास घेऊन, "म्हणजे तू ओळखलंस मला."

"नाय ओळखणार?" आईनं बोंबलाचं डोकं उडवलं. "माझ्यासारखी चालतेस, पाय बाहेर टाकून. लांबनं वाटलं, कोण ही बाई आपल्या घरचं चालते."

"मग मॅडम का म्हणालीस?"

"लते म्हटलं असतं तर तुला थांबाया लागलं असतं."

"थांबले असते मी."

"म्हणून तर." आईनं हात धुतले, लुगड्याला पुसले. "कामावर होतीस. कामावर माझ्याशी कोणी घरचं बोलायला आलं तर मना नाय आवडत. पण समोरून जातेस आणि गप पण बसवेना. काय तरी बोलायचं होतं. धंद्याचं बोलले."

लतिका खाली बसली. दिवसभर तिनं त्या हाकेला जे जे अर्थ लावले होते त्यांत हा नव्हता. तो इतका जवळचा होता की तिला तो दिसलाच नव्हता, आणि आता दिसल्यावर रडू यायला हवं होतं, ते येत नव्हतं. त्याऐवजी ती चिडून म्हणाली, "मी हसले तेव्हा. तो हेरंब बोलला आणि मी हसले."

"बघितलं." आईनं मोरीत तांब्याभर पाणी ओतलं. "बरं नाय वाटलं. खोटं कशाला बोलू?"

पॅसेजमध्ये कुणाच्या तरी घरची कुकरची शिट्टी झाली. मग सोनूबाईनं खुर्चीवरच्या पिशवीकडे हनुवटीनं खूण केली. "त्यात हाय? घाल बघू. मघाशी नीट बघायला मिळालं नाय, पुढं गिऱ्हाईक होतं."

लतिका पडद्यामागे गेली. या पडद्यामागे ती न्हाली होती, वयात आली होती, पहिली साडी नेसली होती. आता इथंच तिनं पॅन्टची चेन लावली. बाहेर आली तेव्हा आई उभी होती. तिनं लतिकाला एका बाजूनं बघितलं, मग फिरायला सांगितलं, शर्टाची घडी ओढून सरळ केली, मासळीचा ताजेपणा बघावा तशी सगळीकडून बघितली. हसली नाही.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "कुणाला बोलले नाय आजवर. संपात पहिल्या दिवशी लुगडं नेसून निघालेली ना मी? घरात चूल गार. तुझा बाप भिंतीकडे तोंड करून. तू जागी होतीस, मना ठाव हाय. मना रडाया पायजे होतं. आणि खाली रस्त्यावर आले, तर पाय मोकळे. वारा लागला पोटऱ्यांना, एवढ्या वर्षांनी. मना बरं वाटलं गो. एवढं बरं वाटलं की धक्क्यावर मी पळत गेले. पळायचं काय काम नव्हतं. तरी पळाले." तिनं दाराकडे बघितलं, जणू जगन तिथं उभा असेल. "घरात असं, आणि बाई धावते. कुणाला सांगायचं? त्याला सांगितलं असतं तर मेला असता."

दादरच्या दुकानात पडद्यामागे ज्याला नाव दिलं नव्हतं, ते आईनं मोरीजवळ उभं राहून सांगून टाकलं होतं, बोंबलाच्या हातांनी. लपवत होती ती पॅन्ट नव्हतीच तर. "मलापण," ती कसंबसं म्हणाली. "मलापण बरं वाटतं त्यात, आई."

"दिसलं ते." सोनूबाईनं पुढं होऊन पॅन्टच्या खिशात हात घातला, पार मनगटापर्यंत, आणि आत बोटं पसरून बघितली. "खोल हाय," ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला. "काय ठेवतेस यात?"

"काही नाही."

"ठेव काय तरी. मोकळा कशाला?"

सकाळी लतिका पॅन्ट-शर्ट घालूनच निघाली. खिशाजवळ मासळीचा वास अजून होता. धुवायला वेळ नव्हता, आणि असता तरी तिनं धुतलं असतं की नाही ते तिला ठरवता आलं नाही. आई केव्हाच धक्क्याला गेली होती. रात्री तिनं दादांना काही सांगितलं का, हे विचारायचं राहून गेलं होतं. दादा पॅसेजच्या टोकाला, जिन्याच्या तोंडाशी, स्टूल टाकून बसले होते; दम्यामुळं सकाळी त्यांना तिथली हवा लागते. तिथपर्यंतचा पॅसेज लतिकाला कधी एवढा लांब वाटला नव्हता. दारं उघडी होती. एक बाई भाजी निवडता निवडता थांबली, कुणीतरी आतल्या कुणाला तरी हळूच हाक मारली. लतिका चालत राहिली, पाय बाहेर टाकून, आपण असे चालतो हे कालच कळल्यामुळं जरा जास्तच जाणीव ठेवून. दादांनी तिला येताना पाहिलं. त्यांची नजर शर्टावर आली, तिथून खाली उतरली, आणि पायांपाशी पोचायच्या आधी थांबली. तिला वाटलं, आता ते भिंतीकडे वळतील. भिंत जवळच होती. त्यांनी दोनदा श्वास घेतला, वाजणारा, आणि स्टूल थोडं मागे ओढलं.

"जिन्यात पाणी सांडलंय कुणी तरी," ते म्हणाले. "बघून उतर."

"हो, दादा."

पहिल्या पायरीवर तिचा हात सवयीनं सलवारचा घोळ उचलायला खाली गेला. तिथं काहीच नव्हतं. हात क्षणभर हवेत अवघडून राहिला, वरून दादा बघतायत हे तिला पाठीला कळत होतं, आणि मग ती, कठड्याला न धरता, ओल्या जिन्यावरून उतरू लागली.